काचेला लावून धरा

सातपूरच्या कारखान्यात मी मापं तपासतो.
व्हर्नियरच्या जबड्यात लोखंड धरलं
की ते गप्प बसतं.
मासा बसत नाही.
मैथिली तर नाहीच.

बोनसचे सात हजार होते,
त्यातले पाचशे शैलाने घरातूनच काढून घेतले.
म्हणाली, तू बाजारात गेलास की
पैसे तुझ्याआधी परत येत नाहीत.

मेन रोडवर, टॉर्च आणि गजराच्या घड्याळांशेजारी
बेदमुथांनी काउंटरवर चार कॅमेरे मांडले,
चौघंही चंदेरी,
चौघंही एका डोळ्याने माझं पाकीट बघणारी.

"फोटो कशाचे काढणार?"
"घरचे. आणि माशांचे."
"म्हणजे... खाण्याच्या?"
"पाळलेल्या."
बेदमुथांचा चेहरा निवळला,
पोऱ्याला त्यांनी चहा सांगितला.

मग म्हणाले, मेगापिक्सेल विसरा,
तुम्हाला काय चौकात फ्लेक्स लावायचाय?
लेन्स अंधारात किती कुरकुरते ते बघा.
बटण दाबल्यावर हा किती वेळ विचार करतो ते बघा.

मी पहिला उचलला, दुकानातूनच नेम धरला, बटण दाबलं.
त्याने विचार केला.
चांगला सखोल केला असावा,
कारण फोटोत रिक्षा नव्हतीच,
ती रविवार कारंजाकडे वळून गेलेली,
उरला होता तिचा धूर
आणि एक बाई, नाकाला पदर लावलेली.

दुसरा झटपट होता. नऊ हजार.
त्याला मी नुसता हात लावून नमस्कार केल्यासारखं केलं.

तिसरा घेतला. पाच हजार नऊशे,
मागल्या वर्षीचं मॉडेल, खोक्याचा एक कोपरा चेपलेला,
पेन्सिल सेल दोन.
कार्ड फुकट मागितलं, पाउच मिळालं.
पायरीवरून उतरताना बेदमुथांनी हाक मारली:
"टाकीचा फोटो घेताना फ्लॅश बंद!
काचेला लावून धरा, एकदम चिकटवून.
आणि चार्जिंगचे सेल घ्या, साधे टिकायचे नाहीत!"
मी हात हलवला, म्हणजे ऐकलं,
म्हणजे सेल घेतले नाहीत.

सिडकोत, दुसऱ्या मजल्यावर,
शिवणयंत्राच्या टेबलावर आमची दोन फुटी टाकी.
नावं मैथिलीने ठेवलेली.
लाल गोल्डफिश तर्री,
काळ्या पट्ट्यांची एंजल पतंग,
आणि तळाशी काच चाटत बसणाऱ्याला ती
ऑफिसर म्हणते, का ते मी विचारलेलं नाही.

त्या रात्री सतरा फोटो काढले.
तर्री: शेपटी.
तर्री: शेपटी, पण वेगळी.
पतंग: अर्धा, बाकीचा चौकटीबाहेर कटलेला.
मैथिली: डोळे मिटलेले.
मैथिली: डोळे उघडे, मान नाही.
बुडबुडे मात्र सगळे सुरेख आले,
एकेक मोजून घ्यावा असे.

अठरावा घेताना हात अवघडला होता,
काचेला लावायचं विसरलो.
पडद्यावर आलो मीच,
जाळीच्या बनियनमध्ये, तोंडाच्या जागी कॅमेरा,
मागे शैला, हातात चहाची गाळणी,
कोपराला लोंबकळणारी मैथिली,
आणि माझ्या पोटातून, आरपार, निवांत
चाललेला पतंग.
तो मात्र स्पष्ट. पट्टा न् पट्टा. खवला न् खवला.
व्हर्नियर लावला असता तर माप निघालं असतं.

पुसून टाकायला गेलो.
शैला म्हणाली, "राहू दे."
"अगं, खराब आलाय. मी मध्ये आलोय."
"लग्नाच्या अल्बमनंतर पहिल्यांदा आलायस कुठल्यातरी फोटोत."

मी पुन्हा पाहिलं.
"पण चेहरा कुठाय?"
"पोटावरून ओळखू येतोस."

कॅमेरा विचारत होता, काढू की ठेवू?
अंगठा बटणावर होता.
मैथिली म्हणाली, बाबा, पतंग तुमच्यात राहतो का आता?
मी काहीतरी उत्तर जुळवत होतो,
तेवढ्यात पडदा काळा झाला.

सेल.