एकोणीस हजेऱ्या

दाजी पेठेतल्या कारखान्याचं जुनं मस्टर
मल्लेशम चिट्यालांच्या घरी आहे,
लोखंडी कपाटात, जकाटच्या भोकं पाडलेल्या पत्त्यांखाली.
मुनीम हजेरीला 'ह' लिहीत नसे, नुसता एक मारी.
त्या ऑगस्टात त्यांच्या नावापुढे एकोणीस एक,
घाईघाईत, एकमेकांना खेटून,
बीमवरच्या उभ्या धाग्यांसारखे.
विसाव्या दिवशी फाटकाला कुलूप.

"ही रांग नाही," ते मला म्हणाले. "ही एक संख्या आहे. वाच."
मी उजवीकडून सुरू केलं. एकं, दहं, शतं...
परार्धापाशी नावं संपली
आणि डावीकडचा एक तसाच उभा राहिला, बिननावाचा.

भागाकार ते तेलुगूत करतात, उत्तर मराठीत लिहितात,
टॉवेलच्या जुन्या बिलांच्या पाठीवर.
तिनाने भागलं, एक उरला.
साताने, एक. अकराने, एक.
तेराने एक, सदतिसानेही एक.
"हा तोच आहे," म्हणाले, "दर वेळी तोच परत येतो."

मग महिनाभर काहीच नाही. चहा, तंबाखू, दुपारचं ऊन.
एकदा सात एक मांडले, त्यांना दोनशे एकोणचाळीसने भाग गेला.
तेरा मांडले, त्रेपन्नने गेला, एकोणऐंशीनेही.
दोनशे एकोणचाळीसला चौदाने भागा, एक उरतो.
त्रेपन्नला सव्विसाने भागा, एक उरतो.
सात दुणे चौदा. तेरा दुणे सव्वीस.
ते रात्री साडेअकराला माझं दार वाजवत होते:
"एकोणीस दुणे अडतीस! बाकीचे भाजक तपासायचेच नाहीत!"
बायको म्हणाली, कुणाचं काय झालं?

१९१, बाकी ८४.
२२९, बाकी १८०.
हाताने. चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली.

दिवाळीला नात आली, श्रावणी, पुण्याहून.
मोबाइलवर एकोणीस वेळा एक दाबला.
"आजोबा, मूळ संख्या आहे. कशानेच भाग जात नाही."
ते बराच वेळ मस्टरकडे बघत राहिले.
"आणि सतरा दिवसच काम केलं असतं तर?"
तिने पुन्हा दाबलं.
"जातो. वीस लाख एकाहत्तर हजार सातशे तेवीसने."
"बघ," ते मला म्हणाले, "दोन दिवसांनी वाचलो."

कुलपानंतर मालकाने निरोप धाडला होता,
निम्मा पगार घ्या, सही करा.
बऱ्याच जणांनी घेतला. घरात पोरं होती.
यांनी का घेतला नाही, हे तेव्हा त्यांना सांगता आलं नव्हतं.
आताही ते सांगत नाहीत.

"बाकी किती उरते, ते दाखवतो का तुझा फोन?"
"नाही. नुसतं मूळ म्हणतो."
"मग थांब," म्हणाले,
आणि बिल उलटं करून
वर लिहिलं: ४१९.