तीन वाफा

डॉक्टरनं कागदावर माझ्या कानाची रेघ काढून दाखवली:
इथवर सपाट,
मग कड्यावरून ढकलल्यासारखी खाली.
"कड्यापलीकडं काय होतं?" मी विचारलं.
तो म्हणाला, घड्याळाची टिकटिक, लहान मुलं, लहान पक्षी.
दुकानात संपलेलं सामान सांगावं तसा.

एकतीस वर्षं लिएक्साच्या लाकूडगिरणीत
मी फळ्या निवडल्या.
करवतीनं खोडं कापली, आणि कापता कापता
माझ्यातला नेमका तेवढाच तुकडा.
भुशाबरोबर तो कुठं गेला, कुणी विचारलं नाही.
पगार मात्र वेळेवर व्हायचा.

तोवर पक्षी मला फुकट होते.
खिडकी उघडली की आलेच.
कोण, कुठल्या फांदीवर,
पीठ मळता मळता, मान वर न करता कळायचं.
आता भेटायचं तर बोलवावं लागतं,
आणि बोलवायचं तर दाणे हवेत:
सूर्यफुलाच्या काळ्या बियांचं पोतं,
जाळीच्या पिशवीत डुकराची बिनमिठाची चरबी,
नाताळात काठीला उलटी टांगलेली ओटची पेंढी.
रित्वा म्हणते, हिल्का, तुझी निम्मी पेन्शन चोचीत जाते.
जाते.
तिची कुठं जाते, मी विचारत नाही.

कानात घालायचं यंत्र आहे. चहाच्या डब्यात असतं.
घातलं की सगळे पक्षी
पत्र्यावर खिळे सांडल्यासारखे.

त्यापेक्षा मी बघते.
लाल छातीचा पुनातुल्कू, श्रीमंत पाहुण्यासारखा,
एकदा बसला की हलायचा नाही,
ओठंगून टरफलं सांडत राहील.
उर्पिआइनेन थव्यानं येतात, थव्यानं भांडतात,
आणि पंगत उठावी तसे एकदम उठतात.
खार येते. तिला कुणी बोलावलेलं नसतं.
आणि पिवळ्या पोटावर काळा टाय लावलेला तालितिआइनेन:
एक बी, एक खेप. बर्चवर नेऊन
पायाखाली धरून ठोकायची, की पुन्हा हजर.

फेब्रुवारीतली सकाळ. उणे चोवीस.
ऊन असं की बर्फाकडं बघवेना.
फाटकाच्या खांबावर तो बसला, चोच उघडली,
आणि चोचीतून
वाफ निघाली.
एक छोटी. एक छोटी. एक जरा लांब.
थांबला. पुन्हा
छोटी, छोटी, लांब.
हातातली कॉफी निवून गेली.
ती-ती-त्यू.
चौदा वर्षांनी. ऐकलं नाही,
वाचलं.

रित्वाचा नातू एएली, सहा वर्षांचा. पुढचे दोन दात पडलेले,
त्यामुळं त्याचे ओठ वाचणं अवघडच.
"कसा गातो रे तो?" मी विचारलं.
"सायकलच्या पंपासारखा."
"गोड?"
"पंप. तेल न घातलेला."
मला रागच आला. इतकी वर्षं मी
काहीतरी निराळं जपून ठेवलं होतं.
मग आम्ही खिडकीशी मोजत बसलो, मी वाफा, तो आवाज.
मी तीन म्हटलं की तो दोन म्हणे. भांडलो.
शेवटी कळलं, त्याचा पक्षी वेगळाच होता,
घरामागं, मला न दिसणारा.

मार्च सरता सरता छपरं गळू लागली.
हवा उबली आणि गाणं पुसलं गेलं.
चोच उघडते, गळ्याची पिसं थरथरतात,
पुढं नुसती हवा.
एप्रिलात दाणेही बंद. अस्वलं उठतात.

काल एएलीनं सायकल बाहेर काढली.
अंगणात चाकात हवा भरत होता,
मी सहज पंपावर हात ठेवला, त्याच्या हातावर.
आत, बाहेर. आत, बाहेर.
तो थांबला. बर्चकडं बघत राहिला.
"काय झालं?"
माझ्याकडं वळून, तोंड मोठं उघडून, एकेक शब्द:
"तो. पंपाला. उत्तर. देतोय."
"रागानं?"
त्यानं ऐकलं. बराच वेळ ऐकलं.
खांदे उडवले.
मग चाकातून नळी काढून घेतली
आणि म्हणाला, थांबू नकोस.

मी नुसती हवा मारत राहिले.