पातळी

दिवसभर मी समुद्र गोड करतो.
मी म्हणजे शुवैबाचा अख्खा कारखाना.
मी फक्त चार नंबरच्या पंपाची नाडी बघतो,
आकडे लिहितो, सही करतो.
संध्याकाळी फहाहीलला बसमधून उतरावं
तर आमच्या जिन्यात चिंगळी
रिकामा टोप चाटत बसलेली.

चिंगळी इथलीच, जन्माची कुवेती.
एका कानाला खाच. नाव मी ठेवलेलं,
कोळंबीसारखी अंगाचं वेटोळं करून झोपते म्हणून.

पहिली युक्ती सोपी होती:
बाटली उलटी, खाली तबक,
तोंड बुडेल एवढंच पाणी.
पाणी घटलं की बुडबुडा वर, घोट खाली.
गुळुक्.
शेजारचा कुंजुमोन म्हणाला, हिशोब पक्का आहे.
चिंगळीने त्या गुळुक्‌वर पंजा मारला
आणि पाच लिटरचा पक्का हिशोब
पायऱ्या उतरत थेट बकाल्याच्या दारात गेला.

दुसऱ्या वेळी फिशटँकचा पंप आणला, दीड दिनारचा.
पाणी वीतभर उसळलं. मला फार आवडलं.
ती दोन दिवस फिरकली नाही.
तिने पाणी आजवर पडून राहिलेलंच पाहिलेलं;
उभं राहिलेलं पाणी
तिला फणा वाटलं असणार.

मग हारिस सब्रीने
भंगारातल्या फ्लशच्या टाकीचा फ्लोट आणून दिला.
वल्लाही, धुतलाय, म्हणाला.
मी पुन्हा दोनदा धुतला.
सावलीत निळा कॅन, त्याला ओलं गोणपाट,
कारण गच्चीवरच्या टाकीत ऑगस्टचं पाणी
नुसती पत्ती टाका की चहा.
पंपाच्या तोंडावर जुन्या बनियनची चिंधी:
आता उसळत नाही, पाझरतं.
पाणी उतरलं की गोळा उतरतो,
गोळा उतरला की वाट उघडते,
पाणी चढतं, गोळा चढतो,
वाट मिटते.
कुणाला सांगावं लागत नाही.

चिंगळी प्यायली. डोळे मिटून, बराच वेळ.
मी पायरीवर बसून
तिच्या जिभेचे टपटप आवाज मोजले,
आकडे कुठेच लिहिले नाहीत.

तेव्हापासून ती दाराशी येत नाही.
आधी सहाच्या सुमाराला दार खरवडायची,
दाराच्या रंगावर अजून रेघा आहेत.

घरचे पैसेही आता एक तारखेला
बँकेतून आपले आपण जातात.
आधी एक्स्चेंजच्या रांगेत उभा राहून फोन करायचो,
पुढे अकरा माणसं आहेत गं, आता नऊ,
आणि पलीकडून सुनेत्रा
कुकरच्या शिट्ट्या मोजत बोलत राहायची.
आता पातळी कायम असते.
तक्रार अशी कुणाचीच नाही.

शुक्रवारी सकाळी मी कॅनचा कॉक बंद करतो,
तबक पुसून ठेवतो.
दुपारच्या नमाजाआधी
दारावर नखं वाजतात.
कोण आहे ते माहीत असूनही विचारतो, कोण?
उघडतो. तांब्याने हळूहळू ओततो.
ती पाण्याकडे आधी बघत नाही,
आधी माझ्या पायांना अंग घासून घेते.

मग कॉक सुरू करतो,
हात पुसतो आणि गावचा नंबर लावतो.

आज कसा काय?
काही नाही. पैसे पोचले का, विचारायला.
एक तारखेला पोचलेत, आज सतरा,
हे दोघांनाही ठाऊक.

थांबा, बघून सांगते, म्हणते सुनेत्रा,
आणि बराच वेळ
बघत राहते.