अनामत

टिडनोनं यंत्र माझ्या हातात दिलं, म्हणाला,
एलुनेद, केर काढतेस तसं नाही फिरवायचं.
केरसुणी दोन्ही टोकांना वर उचलली जाते.
फरशी पुसतेस तसं फिरव,
वाळूला धरून, आधीच्या हातावर थोडा नवा हात चढवत,
घाई न करता.

फरशी पुसायचं मला शिकवू नकोस, मी म्हटलं.
तीस उन्हाळे पुसल्यात
त्या टेकाडामागच्या कॅरव्हॅन-पार्कातल्या.

पहिला सूर लागला तो असा खणखणीत
की गुडघे विसरून मी मटकन खाली बसले.
माझेच बूट. पोलादी टोकांचे.
टिडनो थर्मासमधला चहा सांडेपर्यंत हसला.
आधी स्वतःलाच सापडलीस, म्हणाला,
आता उद्या रबरी बूट घालून ये.

मार्चभर शिकत राहिले.
उधाणाच्या दिवसांत जायचं, समुद्र लांब मागे सरतो तेव्हा.
वादळानंतर तर जायचंच,
एका रात्रीत पुळण हातभर कापली जाते
आणि जुनी वाळू उघडी पडते.
ओल्या वाळूत मीठ बोलतं:
यंत्र उगाच पुटपुटू लागतं, तापातल्या माणसासारखं,
तेव्हा बटण फिरवून त्याचे कान थोडे बंद करायचे.
खड्डा बुजवायचा. दर वेळी. पोरं धावतात इथं.
लांबुळकं, गंजलेलं, जड काही दिसलं
तर हात न लावता मागे यायचं आणि फोन करायचा.
युद्धातलं सगळं अजून वर आलेलं नाही.

काय मिळालं म्हणाल तर
बिअरच्या डब्यांच्या कड्या, एकशे बारा.
गळाची शिशाची वजनं.
एक जेवणाचा काटा, कुणीतरी मुद्दाम वाकवल्यासारखा.
पेन्या, हिरव्या, काळ्या,
एकीवरची राणी नाकासकट झिजून गेलेली.

मग एप्रिलात, जुन्या पार्काच्या खाली
(पार्क आता नाही. पुढच्या दोन रांगा
टेकाडासकट समुद्रानं नेल्या, उरलेल्या मालकानं विकल्या)
सूर आला तो मऊ, खोलातला.
डावीकडून ऐकला. उजवीकडून ऐकला. तसाच.
दोन्हीकडून सारखा वाजतो तो खरा, टिडनोचं म्हणणं.
कोपरापर्यंत हात घातला.
पितळेचा बिल्ला. त्याला किल्ली.
अंगठ्यानं वाळू पुसली: एकोणतीस.

बर्मिंगहॅमहून आलेले होते ते.
बापाची मान उन्हानं लालभडक,
आई पायरीवर बसून सँडल झटकत होती, पुन्हा पुन्हा तीच,
आणि नऊएक वर्षांचा पोरगा अंधार पडेस्तोवर
प्लास्टिकच्या फावड्यानं उकरत होता.
मी नाही हरवली, वाळूनं घेतली, म्हणत होता.
ऐकलंत? बाप मला म्हणाला. वाळूनं, म्हणे.
मी दुसरी किल्ली आणून दिली
आणि नियमाप्रमाणे
अनामतीचे दोन पौंड ठेवून घेतले.
उरलेला आठवडा पोरगा पायरीवरच बसून होता.
त्याच्या पायांभोवतीनं मी रोज फरशी पुसली.

खरं बोलत होता तो.
केवढी खोल घेतली होती.

आता पन्नाशीचा असेल. नाव कधी कळलंच नाही,
वहीत फक्त बापाचं असायचं,
आणि वही ऑफिसाबरोबर गेली.

छान आहे, खिळ्याला टांग, टिडनो म्हणाला.
टांगली नाही.
स्वयंपाकघरात बशीत ठेवलीय, शेजारी
आजवर वाळूतून निघालेली नाणी,
साबणाच्या पाण्यात धुऊन.
काल मोजली. एक पौंड त्र्याहत्तर.

अजून सत्तावीस पेन्या.
उद्या ओहोटी पहाटे तीन-वीसला.
टॉर्च चार्जिंगला लावलाय.