टुरिस्ट

गाडीतून उतरता उतरताच साहेबांनी सांगून टाकलं,
"आम्ही टुरिस्ट नाही हं."
बाबा म्हणाले, "बरं."
आणि रजिस्टरमधला तो रकाना कोरा सोडला.

चार दिवस राहिले बोडीच्या काठाशी.
तांदूळ हातसडीचा, चटणी पाट्यावरची.
मिक्सर फिरवायचा तर आई
मागच्या खोलीत जायची, दार लोटून, चोरावानी.
फोटोत डिश अँटेना येत होती,
ती हलवली.
बाबांचा टी-शर्ट येत होता,
मग आजोबांचं धोतर निघालं पेटीतून,
डांबरगोळ्यांच्या वासाचं.
बाबांना नेसता येईना.
मी मोबाइलवर बघून नेसवलं.

रविवारी तुमसरची मिनीबस आली.
पिवळ्या टोप्या, सगळ्यांच्या सारख्या,
पुऱ्यांचे डबे, स्पीकर, एक रडणारं पोर.
"संपली ही जागा," साहेब म्हणाले,
"इथं कोणीच येत नाही म्हणून आलो होतो."
शिंगाड्यांच्या टोपल्या घेऊन
चौघी धिवरणी त्यांच्या पुढूनच गेल्या,
रोज जातात तशा.

बसमधली एक जाडशी बाई
विचारल्याबिगर ओट्यावर टेकली.
"बाई, तुमचं माहेर कोणचं?"
"साकोलीकडचं."
"अवं! माही नणंद तिकडंच देली!"
आणि बसली आईसंगं शिंगाडे सोलत,
बोटं काळी होईस्तोवर.
नणंदेच्या सासूला कोणाचंच पटत नाही,
हे आईला माहीत होतं म्हणे आधीच.

कुरकुऱ्यांची पाकिटं टाकून गेले ते,
हेही खरं.
मी वेचली.
वेचताना साहेबांनी माझा फोटो काढला,
"जरा उन्हाकडे वळ," म्हणाले.

एक सांगायचं राहिलं.
ज्या भिंतीला गाल लावून साहेब म्हणाले,
"हा गारवा सिमेंटला नाही,"
ती सिमेंटचीच आहे.
मागच्या दिवाळीत वरून शेणामातीचा हात दिला
आणि खोलीचं भाडं दीडपट केलं.

आणखी एक.
मिनीबसवाल्यांना चहा द्यायला आई
मातीचे कप काढत होती.
मी तिचा हात धरला.
"राहू दे वं, प्लास्टिकचे दे,"
मी हळूच म्हणालो,
"टुरिस्ट आहेत."