दुसरा दिवस : सरोवर आणि कांदे

तार्तूत चारशे माणसं जमलीत
तीन दिवस गंजावर बोलायला.
पुलांचा गंज, नळांचा गंज, जहाजांच्या पोटातला गंज.
त्यांनी बरोबर आणलेली माणसं माझ्याकडे.
अकरा.
गळ्यात जांभळी फीत, फितीला पुठ्ठा,
पुठ्ठ्यावर नाव बारीक, आणि खाली ठळक :
सोबतची व्यक्ती.

मी मारिका. अठ्ठावीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला,
आता तोच खिडकीतून दाखवते.
चढताना मोजते, उतरताना मोजते,
संग्रहालयातल्या स्वच्छतागृहाबाहेर पुन्हा मोजते.
अकरा भरले की हायनो गाडी काढतो.
काल विद्यापीठाची कोठडी झाली,
पोटमाळ्यावरची, उनाड पोरांना कोंडायची.
सगळे हसले, फोटो काढले,
आणि दर अर्ध्या तासाला कुणी ना कुणी घड्याळ पाहून म्हणालं,
"आता यांचं भाषण सुरू झालं असेल."

ते घड्याळ माझ्या ओळखीचं आहे.
सत्त्याऐंशी साली मी रीगाला गेले होते,
नवऱ्याच्या पंपांच्या अधिवेशनाला.
खोलीतल्या भिंतीच्या कागदावर, एका ओळीत,
एकवीस नासपती होत्या.
बाविसावी अर्धी कपाटामागे गेलेली.

आज पैप्सी सरोवर.
"पलीकडचा काठ दिसत नाही,
पलीकडे रशिया आहे, तोही दिसत नाही."
हे वाक्य दरवर्षी चालतं. आजही चाललं.
मग कोल्क्याच्या अलीकडे क्लच गेला.

हायनो गाडीखाली शिरला, बाहेर आला,
आणि आमच्या भाषेत बराच वेळ बोलला.
मी भाषांतर केलं : दोन तास.

रस्त्याला लागून ग्लाफिराचं घर.
जुन्या पंथाची बाई, डोईचा रुमाल हनुवटीखाली टाचलेला,
अंगणात कमरेएवढा कांद्याचा ढीग.
तिने कुणाचा पुठ्ठा वाचला नाही, चष्मा आत राहिला होता.
"हात कोरडे आहेत का?" एवढंच विचारलं
आणि उत्तराआधीच प्रत्येकाच्या हाती दोरा दिला.

पातीला वेढा, ओढ, वर दुसरा कांदा,
वेढा, ओढ.
एदुविहेसचा पहिलाच कांदा सुटला
आणि उताराने थेट हायनोच्या बुटापाशी.
आन्सेल्मू, ज्यांच्या बायकोचं आज पाइपांवर मुख्य भाषण,
दोरा दातात धरून म्हणाले,
"मी न्यायाधीश होतो. एकोणीस वर्षं."
कुणी विचारलं नव्हतं.
मि-र्यॉङ म्हणाली, ती पियानो सुरात लावते,
दोरा किती ताणायचा ते बोटांना आपोआप कळतंय.
मग सगळे एकदमच बोलायला लागले,
चार भाषांत, आणि मला भाषांतराला कुणी बोलावलं नाही.
कॅनडाचा तो गृहस्थ तेवढा गप्प होता,
दोन दिवस माझ्यामागच्या खुर्चीत होता तसाच.
त्याची वेणी ग्लाफिराने उचलली,
हातानेच तोलली, एकदा गदागदा हलवली,
आणि खिळ्याला टांगली
विकायच्या वेण्यांमध्ये.

समोवार आला. साखरेचा खडा दाढेत, वर कडक चहा.
समोर सरोवर होतं. कुणी बघत नव्हतं.
निघताना मी मोजायला विसरले.
(भरले होते अकरा. घरी आल्यावर आठवून मोजले.)

रात्री मेजवानीच्या दारात सोडलं.
गंजवाले पायऱ्यांवर उभे, हातात पेले.
"काय काय पाहिलंस गं?"
"विशेष काही नाही. गाडी बिघडली,"
एदुविहेस म्हणाली,
आणि कांद्याचा वास येणारे हात
नवऱ्याच्या कोटाच्या खिशात घातले.

आता अभिप्रायाचे कागद वाचतेय.
सहलीत सर्वांत जास्त काय आवडलं?
खाली चौकटी : कोठडी, संग्रहालय, सरोवर, जेवण.
एकाने चारही कोऱ्या सोडून कडेला लिहिलंय :
क्लच.
अक्षर सरळ, एकसारखं, ओढून बांधल्यासारखं.
कार्यालयात हे चुकीच्या गठ्ठ्यात जाईल.
मी तो कागद घडी करून ठेवलाय,
उद्या हायनोला दाखवीन. दुरुस्तीच्या बिलासोबत.