अकरा-तीन

रेघ तीच आहे.
तोच चुना, तुकामामांनी सकाळी डबा हलवत ओढलेला,
मधेच तोच वाकडा पोक, जिथं त्यांना खोकला येतो.
मी फक्त चाळीस पावलं मागं आलोय.

कुरणे सरांनी टपरीवर सांगितलं,
चहा बशीत ओतता ओतता, माझ्याकडं न बघता.
"बाबूचा गुडघा गेला. रविवारपासनं तू लेफ्ट बॅक."
सर, मी विंगर.
"करारात तसं लिहिलंय काय?"
करारात नुसतं 'खेळाडू' लिहिलं होतं.
रात्री मोबाईलच्या उजेडात मी तो परत वाचला.
महिन्याचे पैसे, बुटाचे पैसे, सही.

पुढं होतो तेव्हा सगळं मैदान पाठीमागं असायचं.
समोर एक बॅक, कॉर्नरचा झेंडा,
आणि भिंतीवर पाय सोडून बसलेली पोरं.
मागचं काय ते आरडाओरड्यावरनं कळायचं,
जसं स्वयंपाकघरातलं भांडण
सोप्यात बसलेल्या पाहुण्याला कळतं.
आता मी स्वयंपाकघरात.

तीन वर्षं एका तालमीकडनं खेळलो,
पण दिग्या गवळी गोलात बोलतो
हे मला ठाऊकच नव्हतं.
नव्वद मिनिटं, अखंड.
"डावीकडं सरक. अजून. सोडू नको. सोडलास?
बरं, आता पाठीला लाग."
बॉल पलीकडं गेला की खांबाशी बोलतो,
मला सांगतो, म्हैस व्यालीय, पारडी झाली,
कट्ट्यावर आज थोरला गेलाय धार काढायला.
आणि त्याच आवाजात, "मागं बघ!"

पहिल्या रविवारी मी पुढं पळालो.
पायाला कोण सांगणार?
बॉल हुकला, मी अर्ध्या रेषेच्या पल्याड,
आणि माझ्या जागेवर नुसती धूळ उभी.
त्यांचा सात नंबर त्या धुळीतनं चालत गेला,
पळायची गरजच पडली नाही त्याला.
अख्ख्या पेठेनं गॅलरीतनं माझं नाव घेतलं,
मग आडनाव,
मग जे घेतलं ते घरात सांगता येत नाही.
दिग्या जाळीतनं बॉल काढत म्हणाला,
"दावणीला म्हैसच नसली, तर
बादली घेऊन मी काय करू?"

तेव्हापासनं पहाटे शेंडा पार्कच्या रस्त्यावर
उलटं पळतोय.
फिरायला आलेली एक आज्जी रोज ओरडते, पडशील रे!
दोनदा पडलो.
उलटं पळताना गाव लांब जात राहतं
आणि दिसतही राहतं.

चौथ्या सामन्यात समोर एक पोरगं,
सतरा-अठराचं, मोजे घोट्यापर्यंत उतरलेले.
उजवा खांदा टाकला त्यानं.
खांदा खोटं बोलतो,
मी स्वतः वर्षानुवर्षं बोललोय त्या खांद्यानं.
मी कमरेकडं बघत राहिलो.
कमर वळली, पाय घातला,
बॉल चुन्यावरनं बाहेर.
कुणी टाळी वाजवली नाही.
मागनं दिग्या फक्त "हां" म्हणाला
आणि पहिल्यांदाच गप्प बसला,
पाच-सहा सेकंद असेल.
पोरगं माझ्याकडं बघत होतं.
सांगावंसं वाटलं, कमर लपवायला शीक.
नाही सांगितलं. पैसे घेतो मी.

आमच्या अण्णांचा टेम्पो गुळाच्या भेल्या वाहतो.
मागच्या काचेवर रेडियमचा अकरा होता,
माझ्या पहिल्या गोलानंतर चिकटवलेला.
मी म्हटलं, खरवडून टाका, आता तीन नंबर मिळालाय.
अण्णा काही बोलले नाहीत.
परवा मार्केट यार्डात बघितलं,
अकरा तसाच, आणि शेजारी जरा तिरका
नवा कोरा तीन.

हमाल विचारतात,
अकरा-तीनला काय हाय रे,
साखरपुडा?